कोब्यावरची पिवळी पट्टी

आमच्या गल्लीत गाडी उलटी लावतात. म्हणजे गाडीचं नाक रस्त्याकडे आणि पाठ घराकडे. एखादा नवखा पाहुणा सरळ आत घुसला, की बाबा हातातलं काम टाकून बाहेर येतात, त्याला गाडी काढायला लावतात आणि दोन्ही हातांनी खुणा करत पुन्हा उलटी आत घ्यायला लावतात. पाहुणा बिचारा घामाघूम होतो. माझ्या मावशीचे यजमान एकदा या प्रकाराने इतके चिडले की चहासुद्धा न घेता निघाले. त्यांची गाडी एका झटक्यात गल्लीबाहेर पडली. बाबा समाधानाने म्हणाले, "बघ, म्हणूनच उलटी लावायची असते."

हा नियम बाबांनी चाकणहून आणला. तिथल्या महाळुंग्याच्या एका कंपनीत त्यांची सारी नोकरी मेंटेनन्सला झाली, आणि तीही पहिल्या शिफ्टला. तिथे सगळ्यांना गाड्या उलट्याच लावाव्या लागतात, म्हणजे आग लागली किंवा काही झालं तर एकदम निघता येतं. बाबांच्या मते जे कंपनीत बरोबर ते घरातही बरोबर. तिथून त्यांनी आणलेली दुसरी गोष्ट म्हणजे पिवळी पट्टी. कंपनीत जमिनीवर पिवळ्या रंगाच्या चौकटी आखलेल्या असतात. चौकटीत ज्याची जागा ठरली तेच ठेवायचं, दुसरं काही ठेवलं तर साहेब ओरडतो. बाबांनी आमच्या घरात चपलांना चौकट आखली, माझ्या दप्तराला आखली, जिन्याखाली झाडूला आखली. आईने स्वयंपाकघरात मात्र ब्रश घेऊन पाऊल टाकू दिलं नाही. "तिथं माझी कंपनी हाय," असं ती म्हणाली होती.

आमचं घर दिघीत, लष्कराच्या भिंतीशी संपणाऱ्या एका गल्लीत आहे. पुढे रस्ताच नाही. ही सगळी जमीन एकेकाळी कोपऱ्यावरच्या आजोबांची. त्यांनी गुंठा-अर्ध्या गुंठ्याचे तुकडे पाडून विकले आणि परभणी, बीड, रत्नागिरी असं कुठकुठून कामासाठी आलेल्या लोकांनी ते घेतले. आम्ही परभणीकडचे. प्रत्येकाने जमिनीच्या अगदी कडेपर्यंत भिंती घातल्या, कारण पोटाला चिमटा काढून घेतलेली जागा मोकळी सोडायला जीव होत नाही.

मग गाडी कुठे लावायची? तर प्रत्येकाच्या दारापुढे रॅम्प असायचा. घर रस्त्यापेक्षा उंच, मध्ये गटार, म्हणून गटारावर सिमेंटचा उतार ओतायचा आणि त्यावरून गाडी दाराशी न्यायची. गाडीचं अर्धं धड रस्त्यावरच राहायचं. खरा नियम असा, की उतार आपल्या हद्दीत असावा, रस्त्यावर एक वीतही येऊ नये आणि गटार साफ करायला उघडता आलं पाहिजे. हा नियम सगळ्यांना माहीत होता, जसं पहाटे उठावं हे सगळ्यांना माहीत असतं.

बाबा तेवढे वेगळे निघाले. घर बांधतानाच त्यांनी टेप लावून हद्द मोजली, पुढची खोली लहान करून घेतली आणि गेटच्या आत गाडीपुरता सिमेंटचा कोबा केला. तेव्हा आमच्याकडे गाडी नव्हती. सायकल होती. आईला पुढची खोली मोठी हवी होती, त्यामुळे "माणसं दाटीनं बसतील, सायकलीला मात्र हवेली" हे वाक्य आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बाबा यावर कोबा धुऊन काढत.

पुढे एका वर्षी गटार तुंबलं, पाणी घराघरांत शिरलं, तक्रारी गेल्या आणि महापालिकेची माणसं जेसीबी घेऊन आली. आधी सांगून गेली होती, पण सांगितलेलं आमच्याकडे कोण मनावर घेतं! एका दिवसात गल्लीतले झाडून सगळे रॅम्प उखडले गेले. माणसं हळहळली, पण गटार वाहू लागलं हेही खरं. आमच्या गेटपाशी त्यांच्या साहेबाने वाकून पाहिलं, कोबा आणि उतार दोन्ही हद्दीत आहेत हे पाहून मान हलवली आणि तो पुढे गेला. त्या संध्याकाळी बाबा उगाचच तीनदा गेट उघडून रस्त्यावर येऊन उभे राहिले. आईने विचारलं, "काय बघायलाव?" तर म्हणाले, "काही नाही, हवा छान आहे."

पण पेच पुढेच होता. गल्लीत दुचाक्या पुष्कळ असल्या तरी चारचाकी तीनच. एक आमची जुनी व्हॅन, जिच्यातून बाबा भोसरीच्या दोन सहकाऱ्यांना बरोबर घेऊन कंपनीत जायचे. दुसरी गल्लीच्या टोकाच्या घरातली. तो गृहस्थ रत्नागिरीचा, कायम दुसऱ्या शिफ्टला. त्याने पायऱ्या तोडून आपल्या हद्दीत कोबा करून घेतला. तिसरी आमच्या समोरच्या दादाची. दादा बीडचा, वयाने माझ्याहून लहान, पण आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. महाळुंग्यातल्याच एका लहानशा वर्कशॉपमध्ये तो कायम तिसऱ्या शिफ्टला असतो. त्याचं घर अर्ध्या गुंठ्यात, दारातच जिना. तिथे कोबा होणं शक्यच नाही. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर गाडी ठेवावी तर दिवसा उचलून नेतात. रात्रभर मशीनवर उभा राहिलेला माणूस दिवसा झोपेतून उठून किती वेळा गाडी बघायला जाणार?

गाड्या तीन, जागा दोन. बाबांनी गल्लीच्या मधोमध उभं राहून हा प्रश्न सोडवला, आणि तो सोडवला तो कंपनीवाल्यालाच सुचेल अशा रीतीने. त्यांनी जागांच्या शिफ्ट लावल्या. पहाटे सहाला बाबा व्हॅन घेऊन निघाले की आमचा कोबा मोकळा. आठच्या सुमाराला समोरचा दादा रात्रपाळी करून आला की त्याने आमच्या कोब्यावर गाडी लावायची आणि झोपायचं. दुपारी टोकाचा गृहस्थ कामाला निघाला की त्याचा कोबा मोकळा; मग चारला बाबा परत यायच्या आत दादाने गाडी तिकडे न्यायची. रात्री दादा कामावर निघाला की ती जागा पुन्हा मालकाला. एका जागेवर कधी दोन गाड्या नाहीत आणि दादाला झोपेतून उठावं लागे ते एकदाच. राहता राहिला गुरुवार, आमच्या भागातल्या कारखान्यांच्या सुट्टीचा दिवस. त्या दिवशी तिघेही घरी, आणि त्यात पाहुणे आले की घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. म्हणून गुरुवारी दादाची गाडी कोपऱ्यावरच्या आजोबांच्या अंगणात, त्यांच्या म्हशीच्या शेजारी लावायची, असं बाबांनी आजोबांना विचारून ठरवलं. आजोबा म्हणाले होते, "आना की."

इतकी वर्षं हे चाललं. मी एका शाळेत शिकवते, वरच्या खोलीत राहते, लग्न केलं नाही, त्यामुळे जावयाची गाडी कुठे लावायची हा प्रश्न मी आई-बाबांना कधी पडू दिला नाही. वरच्या गॅलरीतून मी हे शिफ्ट बदलणं रोज पाहायचे. त्यात मला सर्वांत आवडायचा तो सहा ते आठ मधला वेळ. तेव्हा कोबा रिकामा असायचा आणि तो आईचा असायचा. ती सडा घालायची, मधोमध लहानसं कमळ काढायची, हळदीकुंकू वाहायची. मग आठला दादा यायचा. तो आरशात न बघता मान बाहेर काढून, चाकं दोन्ही बाजूंनी नेत, गाडी अशी उलटी घ्यायचा की कमळ बरोबर गाडीच्या पोटाखाली राहायचं. जगात आणखी कुठे गाडीखाली रांगोळी असते का, मला माहीत नाही. दुपारी तो गाडी काढायचा तेव्हा कमळ जसंच्या तसं असायचं. एकदा ऑइलचा थेंब पडला तर हा पठ्ठ्या दारात येऊन उभा. "काकू, कमळात ठिपका पडलाय. चुकलं माझं." आई म्हणाली, "राहू दे रे, भुंगा आला म्हणायचं."

गेल्या वर्षी बाबा निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्याच्या आठवडाभर आधी आई माझ्याबरोबर भोसरीला आली आणि तिने दोन घडीच्या खुर्च्या घेतल्या. दुकानदाराने गादीच्या खुर्च्या दाखवल्या, झुल्याच्या दाखवल्या, पण हिला पुढच्या दारात मावतील अशाच हव्या होत्या. परत येताना रिक्षात खुर्च्या मांडीवर घेऊन ती म्हणाली, "लग्न झाल्यापासून सकाळी मी यांची पाठच बघितली गं. आता उन्हात बसून दोघं चहा घेऊ. दुसरं मला काही नको." माझी आई कधी काही मागत नाही. साडी आणली तर परत करते, सहलीचं नाव काढलं तर तिचे गुडघे दुखतात. तिने मागितलेली ही एवढीच गोष्ट मी ऐकली आहे, म्हणून ती रिक्षाच्या आवाजातही मला स्वच्छ ऐकू आली.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी आई खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक काढणार, एवढ्यात बाबा शर्ट खोचून, हातात किल्ली घेऊन बाहेर आले.

"कुठं जायलाव?" आईने विचारलं.

"गाडी काढतोय. आठला तो येईल ना."

"अन् मग?"

"मग चारला जागा आपली."

आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. पुढच्या आठवड्यापासून त्यांनी डबा मागून घेतला. नोकरीत असताना कंपनीत कँटीन होतं, त्यामुळे आईने त्यांना कधी डबा दिला नव्हता. निवृत्त झाल्यावर ती पहाटे उठून पोळ्या लाटू लागली. गुरुवार मात्र सुट्टीचा, त्या दिवशी बाबा घरी. मी विचारलं, कुठे जाता, तर म्हणाले, कामं असतात माणसाला.

समोरच्या दादाला हे कळलं तेव्हा तो ओशाळला. संध्याकाळी येऊन म्हणाला, "काका, तुम्ही आता गाडी काढू नका. मी लावतो की कुठंतरी. रिटायर झालाव, आराम करा."

"कुठं लावशील? मोठ्या रस्त्यावर? आणि दिवसा चारदा उठून बघायला जाशील?" बाबांचा आवाज चढला. "रात्री हात मशीनमध्ये असतो तुझा. झोप अर्धी झाली तर बोट जाईल. मी बघितलीत बोटं गेलेली. जागेची शिफ्ट ठरलीय, ती ठरलीय."

बाबांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून तर मला जास्त राग येत होता. हट्टी माणसाचं चुकत असलं की भांडता येतं. बाबांच्या हट्टाला दया चिकटलेली होती. खुर्च्या प्लॅस्टिकसकट दाराआड उभ्या राहिल्या. बाबा गेले की आई सडा घालायची, कमळ काढायची आणि एकटीच उंबऱ्यात बसून चहा घ्यायची.

पुढे शाळेच्या एका प्रशिक्षणासाठी मला चाकणला जावं लागलं. परत येताना महाळुंग्याच्या वळणावर बाबांच्या कंपनीचं गेट लागतं. त्या गेटच्या समोर, रस्त्यापलीकडे, बाभळीच्या झाडाखाली आमची व्हॅन उभी होती. उलटी लावलेली, नाक रस्त्याकडे. मी रिक्षा थांबवून उतरले. बाबा चालकाच्या सीटवर मान मागे टाकून झोपले होते. शेजारच्या सीटवर अर्धा खाल्लेला डबा होता. खोचलेला शर्ट, विंचरलेले केस, पायांत कंपनीचे जुने बूट.

मी काच वाजवली. ते दचकून सरळ बसले आणि पहिलं वाक्य बोलले ते हे: "नो पार्किंग नाही इथं, बघितलंय मी."

"बाबा, तुम्ही रोज इथे येता?"

"मग? चारपर्यंत गाडी कुठंतरी लावायचीच. इथं सावली आहे. वॉचमन ओळखीचा आहे. शिफ्ट सुटली की पोरं येतात, चहा पाजतात."

"आणि घरी आई एकटी उंबऱ्यात बसते, त्याचं काय? तिने खुर्च्या आणल्यात तुमच्यासाठी!"

मी बरीच ओरडले असणार, कारण पलीकडून वॉचमन बघायला लागला. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला आणखी राग येतो. बाबा डब्याचं झाकण लावत होते. ते नीट लागलं, तरी पुन्हा उघडून पुन्हा लावलं.

मग म्हणाले, "सकाळी घरात काय करायचं असतं, मला माहीत नाही गं. गुरुवारी कपडे वाळत घालणं असतं, बाजार असतो. बाकीचे दिवस मी घर बघितलंच नाही. तुझ्या आईचं सगळं ठरलेलं आहे. मी मध्ये कुठं उभा राहू?"

मी त्यांच्या शेजारी बसून उरलेली पोळी खाल्ली. चार वाजत आल्यावर आम्ही निघालो, आणि बरोबर चारला आमची जागा आमची झाली.

घरी आल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. मळता मळता म्हणाली, "मला ठाऊक हाय."

"कसं?"

"डब्याच्या झाकणात बाभळीची फुलं असतात रोज. पिवळी, बारीक. आपल्याकडे कुठं हाय बाभूळ?" मग थोडं थांबून म्हणाली, "जाऊ दिलं मी. म्हटलं, सवय मोडायला वेळ लागतो. पण आता तिथं झोपायलेत म्हणतीस तर उद्या बघते."

दुसऱ्या दिवशी मला नेहमीपेक्षा लवकर जाग आली, कारण खाली झाडण्याचा आवाज येत होता. गॅलरीत येऊन बघते तर बाहेर अजून अंधुक होतं, दिवा लावलेला होता आणि आई व्हॅनच्या पुढ्यात गुडघे टेकून बसली होती. तेच गुडघे, जे सहलीचं नाव काढलं की दुखतात. ती ठिपक्यांची रांगोळी काढत होती. नेहमीचं वीतभर कमळ नव्हे. या खांबापासून त्या खांबापर्यंत, गेटची सगळी रुंदी भरून, व्हॅनच्या पुढच्या चाकांना जवळजवळ टेकून. दिवाळीतही तिने एवढी मोठी काढलेली मी पाहिली नव्हती. शेवटचा ठिपका जोडून ती उठली, हात झटकले आणि आत जाऊन चहा टाकला.

सहाला बाबा डबा आणि किल्ली घेऊन बाहेर आले आणि पायरीवरच थबकले.

माझे बाबा देवभोळे नाहीत, पण रांगोळीवर पाय देत नाहीत. कोणाच्याही नाही. परक्याच्या दारातली असली तरी वळसा घालून जातात. आईने आयुष्यभर त्यांच्या नियमांबरोबर संसार केला होता, त्यामुळे त्यांचा कोणता नियम कोणत्या नियमावर भारी पडतो हे तिला पक्कं माहीत होतं. बाबा डावीकडे गेले. उजवीकडे गेले. खाली बसून चाक आणि रांगोळी यांतलं अंतर बघितलं, मेंटेनन्सवाला मशीनखाली बघतो तसं. एका बाजूने चार बोटं जागा होती, तिथून काय निघणार, सायकलसुद्धा नाही.

"अगं," त्यांनी आत बघून हाक मारली, "गाडी कशी काढू?"

"काढा की त्याच्यावरून," आतून आई म्हणाली.

बाबा किल्ली हातात घेऊन उभे राहिले. मग पायरीवर बसले. आई चहा घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी टेकली. मी गॅलरीतून हलले नाही. शाळेला उशीर होत होता, होऊ दिला.

आठला समोरचा दादा आला आणि गल्लीत वळून आमच्या गेटपाशी थांबला. त्याला बघताच बाबा चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. "थांब, थांब, मी काढतो कशीतरी."

दादा गाडीतून उतरला. त्याने रांगोळी पाहिली, व्हॅन पाहिली, पायरीवरचे दोन कप पाहिले. रात्रपाळीने डोळे लाल होते, तरी हसला. "काकू, काकांना सुट्टी का आज?"

"आजपासून," आई म्हणाली.

"अरे पण तू गाडी कुठं..." बाबा सुरू झाले, आणि त्यांचा आवाज ऐकून कोपऱ्यावरचे आजोबा काठी टेकत आले. त्यांना सगळं सांगावं लागलं, तेही मोठ्याने, कारण कमी ऐकू येतं. ऐकून झाल्यावर त्यांनी आम्हा सगळ्यांकडे, अगदी वर गॅलरीत माझ्याकडेसुद्धा, असं पाहिलं, जणू विचारत होते, की शहाणी समजली जाणारी माणसं एवढी कशी येडी असू शकतात.

"आवो, म्हस इकून दोन वरसं झाली. दावन मोकळी हाय, वर पत्रा हाय, सावली हाय. लावा की तितं."

"ते गुरुवारचं ठरलंय आजोबा," बाबा म्हणाले. "रोज तुम्हाला त्रास कशाला?"

"तुमचा गुरवार कंपनीचा. आमचा रोजच गुरवार हाय." आजोबांनी काठी आपटली. "काखेत कळसा अन् गावाला वळसा. तुमी कवा इचारलंच न्हाई, म्या कशाला सांगू?"

दादा तर दर गुरुवारी तिथेच गाडी लावायचा, तरी खरंच कोणी विचारलं नव्हतं. शिफ्टमध्ये आयुष्य गेलेल्या माणसांना वेळेचा तुकडा पाडून जागा करता येते, पण चार घरं पलीकडे जागा रिकामी पडली आहे हे दिसत नाही. मीही त्यातच मोडते. मी तर रोज वरून बघत होते. दादाने गाडी म्हशीच्या दावणीला नेऊन लावली. उलटीच लावली. तिथे ती आता दिवसभर असते, दुपारी हलवावी लागत नाही आणि दादाची झोप सलग होते. महिन्याभरात त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं कमी झाली, असं आई म्हणते. तिचं या बाबतीत ऐकायचं असतं.

बाबा मात्र पहिले काही दिवस घरात पाहुण्यासारखे वावरले. कुठे बसावं कळेना. आई झाडायला लागली की पाय वर घ्यायचे. पाण्याचा पंप उघडून पुन्हा बसवला, मग माझ्या खोलीचं दार करकरत नसताना त्याला तेल घातलं. आई रोज व्हॅनच्या पुढे रांगोळी काढत राहिली. मोठी नव्हे, पण गाडी अडेल एवढी. तिला अजून भरवसा नव्हता.

मग एका गुरुवारी बाबांनी व्हॅन मागे, भिंतीला जवळजवळ चिकटेल इतकी सरकवली. पुढे जेवढा कोबा मोकळा झाला तो घासून धुतला, वाळू दिला आणि माळ्यावरून पिवळ्या रंगाचा डबा उतरवला. दोरी धरून, खडूने खुणा करून त्यांनी एक चौकट आखली. दुपारभर त्याच्यापाशी बसून राहिले, मांजर जाऊ नये म्हणून. संध्याकाळी समोरचा दादा आला, त्याने चौकटीकडे बघून विचारलं, "काका, ही कोणाची जागा?"

"काकूची. रांगोळीची."

"कुठल्या शिफ्टला?"

बाबांनी ब्रश फडक्याला पुसला. "तिन्ही," ते म्हणाले.

आई उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. ती आत गेली. मी स्वयंपाकघरात गेले तर ती पदराने डोळे पुसत होती आणि वर मलाच म्हणाली, "रंगाचा वास लई उग्र हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत आले, तर चौकटीत रांगोळी नव्हती. रांगोळी चौकटीबाहेर, गेटच्या खांबापाशी होती, तीच जुनी, वीतभर कमळाची. चौकटीत आईने प्लॅस्टिक काढून त्या दोन खुर्च्या मांडल्या होत्या आणि एकीवर ती बसली होती. कोवळं ऊन नुकतंच कोब्यावर आलं होतं.

बाबा चहाचे कप घेऊन बाहेर आले आणि पट्टीच्या अलीकडेच थांबले. "अगं, ही खुर्च्यांची जागा नाही. रांगोळीची आहे."

"माझी हाय ना जागा?" आई म्हणाली. "मग बसा."

बाबांनी कप पायरीवर ठेवले, वाकून दोन्ही खुर्च्यांचे पाय पिवळ्या पट्टीच्या आत घेतले, आईलाही क्षणभर उठवलं, आणि मग बसले.